ग्रेव्ही आणखी हवी का? शेफील्डच्या आमच्या कोपऱ्यावरच्या पबातलं रविवारचं जेवण

उंबरठा:

मंडळी,

"इंग्रजांना जेवण करता येत नाही" हे वाक्य मी इकडे येण्याआधी किती जणांकडून ऐकलं त्याची मोजदाद नाही. निघताना सासूबाईंनी बॅगेत दोन किलो कांदा-लसूण मसाला भरला तो याच धास्तीनं. पहिला महिनाभर मीही तेच म्हणत होते. मोटरवेलगतच्या एका पबात आम्ही पहिल्यांदा 'पारंपरिक ब्रिटिश जेवण' मागवलं होतं. राखाडी पडलेलं मांस, गळेपर्यंत उकडलेली फुलकोबी आणि पुडीतल्या पावडरची ग्रेव्ही, तीही ताटात पाणी सुटलेली. अर्धं तसंच टाकून उठलो.

आता शेफील्डमध्ये आठवं वर्ष चालू आहे. तेच वाक्य आज कुणी म्हटलं तर मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

पहिलाच नोव्हेंबर होता. भाड्याच्या घरातला बॉयलर शनिवारी रात्री बंद पडला आणि दुरुस्तीला माणूस सोमवारीच येणार होता. लेक तेव्हा दीड वर्षाची. रविवारी दुपारी घरात बसवेना, म्हणून तिला गुंडाळून बाहेर पडलो. आमच्या वॉकली भागातले चढ ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल, बाबागाडी ढकलत तिथे फार लांब जाता येत नाही. कोपऱ्यावरच्या पबच्या खिडकीतून शेकोटी दिसली. आत बसू, चहा घेऊ, पोरीचे हात गरम झाले की निघू, एवढाच विचार. पबात लहान मूल न्यावं की नाही तेही माहीत नव्हतं.

मालकीणबाईंनी पोरीकडे पाहिलं, शेकोटीजवळच्या टेबलावरचा पेपर उचलून जागा केली आणि म्हणाल्या, "लॅम्बच्या दोनच प्लेटी उरल्यात, लव्ह. ठेवू का?" (शेफील्डमध्ये सगळे सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात, पुरुषसुद्धा पुरुषांना. त्याची सवय व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाली की दुसऱ्या गावात चुकल्यासारखं वाटतं.)

जे ताट आलं ते मला अजून दिसतं. लॅम्बचा खांदा, इतका मुरलेला की सुरी नुसती टेकवावी लागली. बटाटे बाहेरून काचेसारखे कुरकुरीत आणि आत पिठूळ. भाजून गोड झालेली गाजरं आणि पार्सनिप, व्हिनेगर घालून शिजवलेला लाल कोबी, पुदिन्याचा आंबटगोड सॉस. या सगळ्यावर वाटीएवढं पोकळ फुगलेलं यॉर्कशायर पुडिंग आणि त्या पोकळीत काठोकाठ ग्रेव्ही.

ती ग्रेव्ही मी चाखली आणि गप्प झाले. मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे जेवणाची परीक्षा रश्श्यावर होते. मटण कसं का असेना, रस्सा जमला तर जेवण जमलं. इथेही तसंच आहे हे मला त्या दिवशी कळलं. मालकीणबाई मोठा जग घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होत्या आणि ज्याचं ताट कोरडं दिसेल तिथे ओतत होत्या. "आणखी हवी का?" असं विचारायच्या, पण उत्तर येईपर्यंत ओतून झालेलं असायचं. पंगतीत वाढपी असंच करतो.

पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांच्या स्वयंपाक्याला विचारलं तेव्हा कळलं की त्या जगात दोन दिवसांचं काम असतं. शनिवारी हाडं ओव्हनमध्ये गडद तांबूस होईपर्यंत भाजायची, मग कांदा, गाजर, सेलरी घालून मंद आचेवर रात्रभर ठेवायची. रविवारी मांस भाजून निघालं की ट्रेच्या तळाला चिकटलेला खरपूस भाग थोड्या बिअरनं किंवा वाइननं खरवडून सोडवायचा, चमचाभर पीठ त्यातच परतायचं आणि हाडांचं पाणी घालून आळवायचं. मसाला म्हणजे मीठ, मिरी, तमालपत्र आणि थाइमची काडी, बस. चव सगळी भाजण्यातून येते. आपण कांदा-खोबरं काळपट भाजून वाटण करतो तेव्हा जे शोधत असतो, तेच हे लोक हाडांत आणि ट्रेच्या तळात शोधतात.

हा स्वयंपाक ओव्हनचा आहे, म्हणून आपल्याला तो लवकर उमगत नसावा. आपण आचेपुढे उभं राहून ढवळतो. इथे खांद्यासारखा चिवट, स्वस्त भाग पाच तास बंद ओव्हनमध्ये ठेवून माणसं दुसऱ्या कामाला लागतात, आणि त्याच ओव्हननं घरही गरम होतं. नोव्हेंबर संपता संपता चारच्या आत सूर्य मावळतो. त्या हवेत कोशिंबीर आणि फुलका नको वाटतो, खोल ताटलीतला गरम, जड घास हवा असतो. जुलैमध्ये हेच ताट मलाही जड जातं.

आता यॉर्कशायर पुडिंगबद्दल, कारण आम्ही यॉर्कशायरमध्ये राहतो आणि इथे त्याबद्दल हलकं बोललेलं खपत नाही. नाव पुडिंग असलं तरी ते गोड नाही. अंडी, दूध, मैदा आणि मीठ यांचं धिरड्यापेक्षाही सैल पीठ. पूर्वी सळईवर मांस फिरत असताना खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये चरबी ठिबकायची, त्याच ट्रेमध्ये हे पीठ ओतायचे. हॅना ग्लास या बाईंनी १७४७ साली पाककृती छापली तेव्हापासून 'यॉर्कशायर' हे नाव देशभर झालं. जुन्या घरांत हे मांसाच्या आधी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर वाढत. मांस महाग, माणसं जास्त. आधी पुडिंगनं पोट निम्मं भरलं की मांस सगळ्यांना पुरायचं. आमच्या शेजारचे ८१ वर्षांचे आजोबा अजूनही ते आधी आणि वेगळं खातात, उरलेल्या ताटाला तोवर हात लावत नाहीत.

आणखी एक गोष्ट शाकाहारी मंडळींसाठी. शेफील्डच्या बहुतेक पबांत टेबलावर केशरी लेबलची बाटली असते, हेंडरसन्स रेलिश. १८८५ पासून याच गावात बनतं. लोक लाडानं 'हेंडोज' म्हणतात आणि पायवर (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ), चिप्सवर, चीज-टोस्टवर, कशावरही ओततात. वूस्टर सॉसमध्ये अँचोवी मासे असतात, यात नाहीत. आणि यात चिंच आहे! पहिल्यांदा जिभेवर आली तेव्हा मी बाटली फिरवून लेबल वाचलं होतं.

तुमच्या गावातला तुमचा पब कोणता, तिथे काय खाता, ते लिहा. मी गोमांस खात नाही, त्यामुळे बीफ रोस्टबद्दल (रोस्ट म्हणजे हेच भाजलेल्या मांसाचं रविवारचं ताट) ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

———

खलबत्ता:

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! लेख आवडला. ट्रेच्या तळाची आणि वाटणाची तुलना एकदम पटली.

बीफबद्दल: रिब किंवा टॉपसाइड हे भाग, मधोमध गुलाबी, आणि बरोबर हॉर्सरॅडिश या तिखट मुळाचा सॉस. हॉर्सरॅडिशचा झणका मोहरीसारखा नाकात जातो. अवांतर माहिती: हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांना ते मूळ इथे मिळेना, तेव्हा त्यांनी शेवग्याचं मूळ किसून तीच चव भागवली. शेवग्याला इंग्रजीत 'हॉर्सरॅडिश ट्री' म्हणतात ते त्यामुळेच.

———

कोरडा_डोंगर:

लेख छान आहे, पण माझं मत वेगळं आहे. मी लंडनमध्ये चार वर्षं होतो. दर वेळी कुणीतरी सांगायचं, "तू चुकीच्या पबात गेलास." दहातल्या आठ ठिकाणी जेवण वाईट मिळत असेल तर दोष त्या खाद्यसंस्कृतीलाच द्यायला हवा, खाणाऱ्याला नाही. आपल्याकडे हायवेवरच्या साध्या धाब्यावरही डाळ बरी मिळते. आणि एका रोस्टच्या पैशांत, म्हणजे २० पौंडांत, मी लंडनमध्ये दोन वेळा चांगलं तुर्की जेवण जेवलो आहे.

———

उंबरठा:

@कोरडा_डोंगर, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. वाईट पब खूप आहेत हे खरं आहे, माझी सुरुवातही तिथूनच झाली. पण कारण मला असं वाटतं की हे जेवण झाकता येत नाही. धाब्यावरची डाळ फोडणीनं सावरते. रोस्ट बटाट्याला सावरायला काही नाही. तो आधी उकडून, चाळणीत हलवून कडा खडबडीत करून, कडकडीत तापलेल्या चरबीत टाकला तरच होतो, आणि निघाल्यावर अर्ध्या तासात खाल्ला तरच चांगला लागतो. सकाळी करून दिव्याखाली ठेवला की गेला. आमचा पब रविवारी ६० प्लेटी करतो आणि संपल्या की संपल्या म्हणून पाटी पुसतो. जिथे रात्री नऊपर्यंत रोस्ट 'मिळतोच', तिथे मी मागवत नाही.

किमतीबद्दल: आमच्याकडे १९ पौंड. दर रविवारी परवडत नाही, महिन्यातून एकदा जातो.

———

वाटसरू७४:

उंबरठाताई, फार दिवसांनी काही वाचून जुनं सगळं वर आलं. मी १९७४ साली लँकेशरमधल्या एका इस्पितळात रुजू झालो. तेव्हाच्या पबात जेवण हा प्रकार जवळजवळ नव्हताच. बाटलीतली व्हिनेगरमधली उकडलेली अंडी, बटाट्याच्या कापांची पाकिटं, थंड पोर्क पाय. फार तर कुठे प्लाउमन्स लंच, म्हणजे पाव, चीजचा मोठा तुकडा, लोणचं आणि कांदा. आणि रविवारी दुपारी दोनला घंटा वाजायची आणि संध्याकाळी सातपर्यंत दार बंद! इतर दिवशीही दुपारी पब बंद, पहिल्या महायुद्धात कामगारांनी दारूखान्यात वेळ घालवू नये म्हणून आणलेलं ते बंधन. आठवड्याच्या इतर दिवशी ते १९८८ मध्ये उठलं, रविवारचं १९९५ मध्ये. तुम्ही आज तीन वाजता शेकोटीजवळ बसून रोस्ट खाता, ते माझ्या तरुणपणी कायद्यानं शक्य नव्हतं.

मग रोस्ट कुठे खायचा? लोकांच्या घरी. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनं पहिल्याच महिन्यात मला "टी"ला बोलावलं. मी चहा-बिस्किटं समजून खोलीवर भात खाऊन गेलो. तिथे टेबलावर लँकेशर हॉटपॉट, लाल कोबीचं लोणचं, नंतर ॲपल पाय. उत्तरेत 'डिनर' म्हणजे दुपारचं जेवण आणि 'टी' म्हणजे संध्याकाळचं पूर्ण जेवण, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या माउलीनं सकाळपासून मातीच्या भांड्यात मटण, कांदा आणि वर बटाट्याच्या चकत्यांची कौलं रचून ओव्हनमध्ये ठेवलं होतं. मी दुसऱ्यांदा जेवलो, पोटभर जेवलो. परक्या देशात माझ्यासाठी कुणी सकाळपासून रांधलं होतं. ती बाई आता नाही. हॉटपॉट मी अजून दर हिवाळ्यात करतो, तिच्याच पद्धतीनं, फक्त दोन लवंगा जास्त.

———

मधली_सुट्टी:

वाटसरूकाका, अगदी आत पोचलं. कौलं हा शब्द तर किती नेमका.

———

चांदणवेल:

धाग्याला जोडून थोडा इतिहास, कारण वाटसरूकाकांचा १९७४ चा पब आणि ताईंचा आजचा पब यांच्यामध्ये नेमकं काय घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

पूर्वी बहुतेक पब मोठ्या मद्यकंपन्यांच्या मालकीचे असत. चालवणाऱ्यानं त्याच कंपनीची बिअर विकायची, बाकी स्वातंत्र्य कमी. कंपनीला रस बिअर खपण्यात, स्वयंपाकघरात पैसे कोण घालणार? १९८९ मध्ये सरकारनं नियम आणला. ज्या कंपन्यांकडे २००० हून अधिक पब होते, त्यांना २००० च्या वर जितके पब होते त्यांपैकी निम्म्यांवरची, आपलीच बिअर विकण्याची सक्ती सोडावी लागली. त्यामुळे हजारो पब बाजारात आले. भांडवल नसलेल्या तरुण स्वयंपाक्यांना रेस्टॉरंट परवडत नव्हतं, पण मरगळलेला पब भाड्यानं घेणं परवडत होतं.

त्यातूनच १९९१ साली लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर मायकेल बेल्बेन आणि डेव्हिड आयर यांनी 'द ईगल' चालवायला घेतला. जुन्या बाजारातल्या एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, बारला लागूनच उघडं स्वयंपाकघर, मेन्यू फळ्यावर खडूनं, टेबलावर चादर नाही, पैसे बारवर. चांगल्या जेवणासाठी ओळखल्या जाणाऱ्या पबाला गॅस्ट्रोपब हा शब्द तिथूनच रुळला. गंमत अशी की तिथलं जेवण ब्रिटिश नव्हतंच. आयर मोझांबिकमध्ये वाढलेले, त्यामुळे तिथलं सगळ्यात गाजलेला पदार्थ म्हणजे पोर्तुगीज वळणाचं स्टेक सँडविच. आधी पबात चांगलं शिजवता येतं हे सिद्ध झालं, मग त्या स्वयंपाकघरांत पाय, हॉटपॉट, ब्लॅक पुडिंग (रक्ताचं सॉसेज) परत आलं. २००१ मध्ये हेरफर्डशरच्या टिटली गावातला 'स्टॅग इन' मिशेलिन या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकेचा तारा मिळवणारा पहिला पब ठरला. मार्लोच्या 'हँड अँड फ्लॉवर्स'ला पुढे दोन तारे मिळाले.

माझी एक हळहळ मात्र आहे. काही ठिकाणी 'गॅस्ट्रो' झाल्यावर सगळी टेबलं जेवणाऱ्यांसाठी राखीव होतात आणि नुसती अर्धी पाइंट घेऊन पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्याला बसायला जागा उरत नाही. तो पब मग पब राहत नाही.

———

उंबरठा:

@चांदणवेल, फारच माहितीपूर्ण. शेवटच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे बारजवळची चार टेबलं कधीच राखून देत नाहीत. तिथे एक काका त्यांच्या कुत्र्यासह रोज असतात. माझ्या लेकीनं पहिली इंग्रजी गाणी त्यांच्याकडून शिकली. पाच महिने ते आजारी होते तेव्हा स्वयंपाकी दर रविवारी त्यांचं ताट फॉइलनं झाकून घरी पोचवायचा, ग्रेव्ही थर्मासमध्ये.

———

सदाफुली:

ताई, मी लीड्समध्ये दीड वर्षापासून आहे आणि शाकाहारी आहे (अंडं चालतं). पुढच्या महिन्यात आई नाशिकहून येतेय, ती अंडंही खात नाही. तिला एकदा तरी असा शेकोटीचा पब दाखवायची फार इच्छा आहे, पण खाऊ काय घालू? चिप्स खाऊन परत यायचं नाहीये मला.

———

उंबरठा:

@सदाफुली, नक्की न्या. पण आधी फोन करून विचारा, कारण चरबी दिसत नाही तिथे असते. यॉर्कशायरमध्ये चिप्स बऱ्याच ठिकाणी बीफ ड्रिपिंगमध्ये (भाजताना सुटलेल्या गोमांसाच्या चरबीत) तळतात. रोस्ट बटाटे हंसाच्या चरबीत असू शकतात. यॉर्कशायर पुडिंगच्या साच्यात ड्रिपिंग असू शकतं. जुन्या पद्धतीच्या वाफवलेल्या पुडिंगमध्ये स्यूट म्हणजे गुरांची चरबी असते, वनस्पती-स्यूटही मिळतं, पण विचारावं लागतं. इथे २०१४ पासून १४ ॲलर्जी-घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. त्यात अंडं, दूध, मासे येतात, पण चरबी किंवा जिलेटिन येत नाही. म्हणजे तो तक्ता आईंच्या अंड्याच्या प्रश्नाला उपयोगी, चरबीच्या प्रश्नाला नाही.

आता खायचं काय: नट रोस्ट (सुकामेवा, मशरूम, पावाचा चुरा. यात अंडं असतं कधी कधी), कॉलिफ्लॉवर चीज, चीज-कांद्याचा पाय, प्लाउमन्स. आणि मशी पीज अवश्य मागवा. वाळलेले टपोरे हिरवे वाटाणे सोडा घालून रात्रभर भिजवायचे आणि शिजवून घोटायचे. वर हेंडोज शिंपडलं की आईंना रगड्याची आठवण येईल.

———

रानफूल:

@सदाफुली, आईंसाठी गोडात क्रंबल (फळांवर लोणी-पिठाचा चुरा घालून भाजलेला पदार्थ) आणि कस्टर्ड! कस्टर्डचा खुलासा मीच करते, कारण मी पुण्यात राहते आणि आमच्या घरी प्रत्येक कार्याला फ्रूट सॅलड असतं. ते ज्या पावडरीपासून होतं ती अंड्याशिवायची, आणि तिचा जन्म बर्मिंगहॅमचा. आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्यानं १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड काढलं. एका इंग्रज बाईच्या पथ्यामुळे आपल्या शाकाहारी लग्नांना पक्वान्न मिळालं. मात्र चांगल्या गॅस्ट्रोपबात कस्टर्ड अंड्याच्या बलकाचं करतात, म्हणून तिथे विचारायचं, "पावडरचं आहे का?" नसेल तर क्रीम मागायचं.

———

उंबरठा:

रानफूल, हे मला माहीतच नव्हतं! क्रंबल जानेवारी ते मार्चमध्ये खाल तर रूबार्बचं (आंबट देठांची एक वनस्पती) खा. लीड्सच्या दक्षिणेला, वेकफील्डच्या बाजूला, अंधाऱ्या शेडमध्ये रूबार्ब वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात, जास्त उजेड लागला तर देठ राठ होतात म्हणून. गुलाबी आणि कोवळं, कैरीच्या मेथांब्याच्या जवळ जाणारी आंबटगोड चव. सदाफुली, तुमच्या दाराशीच आहे ते.

———

कोरडा_डोंगर:

रानफूल यांच्या प्रतिसादावरून सुचलं. यातलं 'पारंपरिक' किती? प्लाउमन्स लंच हे नाव चीज खपवणाऱ्या मंडळानं १९५० च्या दशकात पुढे आणलं. क्रंबल दुसऱ्या महायुद्धात, पायच्या पारीला पुरेसं लोणी-पीठ मिळेना म्हणून घरोघरी झालं. स्टिकी टॉफी पुडिंग लेक डिस्ट्रिक्टमधल्या शॅरो बे हॉटेलनं १९७० च्या दशकात नावारूपाला आणलं.

———

चांदणवेल:

@कोरडा_डोंगर, तिन्ही बरोबर. पण पाव-चीज-कांदा शेतकरी त्याआधीही खातच होता, नाव नवीन. आणि वडापाव तरी किती जुना? १९६० च्या दशकातला दादर स्टेशनबाहेरचा. तो आपला नाही असं मला म्हणता येणार नाही. लोकांनी घरचं मानलं आणि मुलांना खाऊ घातलं की माझ्या लेखी परंपरा झाली.

———

नाखवा:

बिअरचा विषय कुणीच काढला नाही म्हणून थोडक्यात. पबात हाताच्या पंपानं ओढून देतात ती कास्क एल, तळघरात १२-१३ अंशांवर ठेवलेली. थंडगार लागर पिणाऱ्या आपल्या माणसांना ती 'कोमट' वाटते. पण भाजलेल्या मांसाबरोबर तीच हवी, गार बिअरनं जिभेवर चरबी गोठते. ही बिअर १९७० च्या सुमारास जवळपास नाहीशी होत होती. १९७१ साली काही पिणाऱ्यांनीच 'कॅमरा' ही संघटना काढली आणि ती वाचवली. शेफील्ड तर या बिअरचं गावच, तिथल्या केलहॅम आयलंड भागाला चक्कर मारा. पिणार नसाल तर संकोच नको, लिंबू-सोडा घेऊन तीन तास बसलात तरी कुणी विचारत नाही. आणि टेबलावर वाट पाहत बसू नका, बारवर जाऊन ऑर्डर द्या.

———

मधली_सुट्टी:

यॉर्कशायर पुडिंगची पाककृती द्या ना कुणीतरी. माझी सपाट होतात.

———

उंबरठा:

अंडी, दूध आणि मैदा तिन्ही एकाच वाटीनं समसमान मोजा. चिमूट मीठ. गुठळ्या मोडा आणि निदान तासभर पीठ झाकून ठेवा. मफिनच्या साच्यात चमचा-चमचा तेल घालून ओव्हन २२० अंशांवर ठेवा, तेलातून धूर दिसायला लागला की पीठ ओता. 'चर्र' असा आवाज आलाच पाहिजे, नाही आला तर तेल पुरेसं तापलेलं नाही, आणि सपाट होण्याचं कारण बहुतेक हेच असतं. २० मिनिटं दार उघडू नका. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं २००८ मध्ये जाहीर केलं होतं की चार इंचांपेक्षा बुटकं ते यॉर्कशायर पुडिंगच नाही. घरी तीन इंच झाली तरी समाधान माना, चव तीच असते.

———

वाटसरू७४:

थोडं पाणी घाला दुधात, जास्त कुरकुरीत होतात. उरलेली दुसऱ्या दिवशी गोल्डन सिरप घालून.

———

सदाफुली:

धागा वर काढतेय. परवा आईला घेऊन गेले होते. आधी फोन केला, सगळं विचारलं, त्यांनी जराही कंटाळा केला नाही. आईसाठी चीज-कांद्याचा पाय (वरून दूध लावलेला, अंडं नाही), मशी पीज, तेलात केलेले बटाटे आणि मशरूमची ग्रेव्ही. मला नट रोस्ट. हेंडोजची बाटली लीड्सच्या पबात नव्हती, मी पर्समधून नेली होती.

आईनं पहिले दोन घास काही न बोलता खाल्ले. मला धाकधूक. मग म्हणाली, "बटाटा असा कसा करतात गं? आत शिरा झालाय." वाटाण्यावर रेलिश घालून तिनं बशी पुसून खाल्ली. बाहेर पाऊस होता, शेकोटीसमोर कुणाचं तरी कुत्रं झोपलं होतं, आई पाय शेकत बसली. मालकीणबाई लांब दुसऱ्या टेबलाशी होत्या. आईला इंग्रजी येत नाही. तिनं ग्रेव्हीचा रिकामा जग उचलून त्यांना दाखवला. त्या लगेच भरून घेऊन आल्या आणि विचारण्याआधीच आईच्या ताटात ओतू लागल्या. आईनं ताटावर हात आडवा धरला, "पुरे, पुरे!" त्यांनी आणखी थोडी ओतलीच.

———

उंबरठा:

सदाफुली, आईंना घेऊन शेफील्डला या. रविवारी एकच्या आत पोचा, मी टेबल सांगून ठेवते. बटाटे दोननंतर संपतात.